मूग नव्हे, मोग!

स्नेहसंमेलनाच्या रात्री स्टेजवर सगळ्यात जास्त घाम कोणाला फुटतो, माहीत आहे? निवेदनवाल्याला नाही, गाणाऱ्यांना तर नाहीच. घाम फुटतो कीबोर्डवाल्याला. एका गाण्यात त्याला बासरी द्यायची असते, दुसऱ्यात ॲकॉर्डियन, तिसऱ्यात सनई, आणि कडव्याच्या मधल्या चार मात्रांत व्हायोलिनचा ताफा उभा करून पुन्हा बासरीवर यायचं असतं. प्रेक्षकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. त्यात आपला वऱ्हाड! भारनियमनाच्या त्या वर्षांत अकोला-अमरावतीकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती. लाइट जाते, जनरेटर धडधडत सुरू होतो आणि कीबोर्ड शहाण्या मुलासारखा पुन्हा पहिल्या नंबरच्या पियानोवर येऊन बसतो. मघाशी कसोशीनं जमवलेला आवाज मेमरीत ठेवला असेल तर वाचलात, नसेल तर आटोपलं बाप्पा.

आवाज ‘ठेवता’ येतो, ही गोष्ट आपण फारच गृहीत धरतो. ज्या माणसानं सिंथेसायझर हे वाद्य जगाला दिलं, त्याच्या वाद्यात आवाज ठेवायची सोयच नव्हती. त्याचं नाव रॉबर्ट मोग. इंग्रजी स्पेलिंग बघून सगळं जग त्याला ‘मूग’ म्हणतं. पेरणीत मुगाला मानाची जागा असलेल्या आपल्या भागात तर म्हणणारच! पण खरा उच्चार मोग. या नावाचं पुढे एक प्रकरण झालं, ते नंतर सांगतो.

रॉबर्टचा (घरच्यांचा आणि पुढे सगळ्यांचा बॉब) जन्म २३ मे १९३४ चा, न्यूयॉर्कचा. वडील तिथल्या वीज कंपनीत इंजिनिअर. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत बोर्डातला माणूस! घरात वर्कशॉप, त्यात सोल्डरिंग गन, रेडिओचे सुटे भाग. आईची इच्छा मात्र वेगळी. मुलानं पियानोवादक व्हावं म्हणून तिनं त्याला वर्षानुवर्षं पियानोच्या शिकवणीला बसवलं. वडिलांचं सोल्डर आणि आईचा पियानो, या ओढाताणीत बहुतेक मुलं एक काहीतरी सोडून देतात. बॉबनं दोन्ही धरून ठेवलं. साधारण चौदाव्या वर्षी त्यानं मासिकातला सर्किट डायग्राम बघून थेरेमिन तयार केलं. थेरेमिन म्हणजे हात न लावता वाजवायचं वाद्य. दोन अँटेना, त्यांच्याजवळ हात हलवायचा, एकीनं स्वर बदलतो, दुसरीनं आवाज लहानमोठा होतो. रशियन शास्त्रज्ञ लिऑन थेरेमिनचा हा शोध १९२० च्या सुमाराचा.

१९५४ साली, म्हणजे विशीत, बॉबनं वडिलांच्या मदतीनं थेरेमिन विकायचा धंदा सुरू केला. क्वीन्स कॉलेजात भौतिकशास्त्र, कोलंबियात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि मग कॉर्नेलमध्ये पीएच. डी. अशी शिक्षणाची गाडी चालूच होती. १९६१ मध्ये त्यानं ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनचा लेख एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात दिला आणि पन्नास डॉलरला पाच सेंट कमी अशा किमतीत त्याचं किट विकायला काढलं. हजाराच्या आसपास किट खपली. पीएच. डी. मात्र रखडली ती रखडलीच, मिळाली १९६५ ला. आपल्यातल्या वर्षानुवर्षं प्रोजेक्ट रिपोर्ट पुरा न करणाऱ्यांनी या एकाच मुद्द्यावर मोगचं नाव पुढे करू नये. तो त्या वेळात कंपनी चालवत होता, कँटीन नाही.

१९६३ च्या अखेरीला संगीत शिक्षकांच्या एका अधिवेशनात बॉब थेरेमिनचा स्टॉल लावून बसला होता. तिथे त्याला हर्बर्ट डॉइच हा संगीतकार भेटला. डॉइचला नवे आवाज हवे होते. त्या काळी इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं म्हणजे लॅबमधले ऑसिलेटर, टेपरेकॉर्डर आणि ब्लेड. टेपचे तुकडे कापा आणि चिकटवा. मिनिटभराच्या संगीताला आठवडे लागायचे आणि ते स्टेजवर वाजवणं तर अशक्यच. १९६४ च्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून पहिलं मॉडेल उभं केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला ऑडिओ इंजिनिअर्सच्या संमेलनात मोगनं आपली यंत्रणा मांडली.

त्यात नवं काय होतं? तर व्होल्टेज कंट्रोल. नॉब हातानं फिरवण्याऐवजी व्होल्टेजनं फिरवायचा! कीबोर्डची पट्टी दाबली की एक ठराविक व्होल्टेज निघणार, ते ऑसिलेटरला जाणार. एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर. तेच व्होल्टेज फिल्टरला दिलं तर आवाज उजळ किंवा मंद होणार, ॲम्प्लिफायरला दिलं तर मोठा-लहान होणार. एक ऑसिलेटर दुसऱ्यालाही हलवू शकतो, म्हणजे आपोआप कंप. आवाज सुरू कसा व्हावा, टिकावा किती, विरावा कसा, हे ठरवणाऱ्या सर्किटचे चार भाग (आज प्रत्येक कीबोर्डवर दिसणारे अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज) व्लादिमिर उसाचेव्स्की या संगीतकाराच्या मागणीतून आले. ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या रचलेला त्याचा फिल्टर तर आजही ‘मोग लॅडर’ म्हणून शिकवला जातो. त्याचं पेटंट १९६९ चं. एका पॅनेलवरून दुसऱ्यावर आवाज न्यायला टेलिफोन एक्स्चेंजसारख्या वायरी लागायच्या, त्यांना पॅच कॉर्ड म्हणत. आपण आजही कीबोर्डमधल्या आवाजाला ‘पॅच’ म्हणतो, तो शब्द तिथला. वायर गेली, शब्द राहिला.

१९६८ मध्ये वेंडी कार्लोसनं मोगच्या सिंथेसायझरवर बाखच्या रचना वाजवून एक रेकॉर्ड काढली. ती दहा लाखांहून जास्त खपली, तिला तीन ग्रॅमी मिळाले आणि मोगचं नाव घराघरात गेलं. पण ते काम स्टुडिओतलं होतं. यंत्र एका वेळी एकच स्वर काढायचं, म्हणून एकेक ओळ वेगळी वाजवून टेपवर एकावर एक चढवलेली. पुढच्या आवाजासाठी वायरी बदलायला तास लागला तरी टेप वाट बघत थांबते. प्रेक्षक थांबत नाहीत.

ही अडचण बॉबला चांगलीच ठाऊक होती. म्हणून २८ ऑगस्ट १९६९ ला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या बागेत त्यानं सिंथेसायझरचा जाहीर कार्यक्रम केला, तेव्हा खास यंत्रं बांधून घेतली. त्यांना प्रीसेटचा डबा होता. आधीच जमवून ठेवलेले थोडके आवाज, बटण दाबलं की हजर. आपल्या कीबोर्डवरच्या त्या सगळ्या बटणांचे पूर्वज म्हणायला हरकत नाही. बागेत तुडुंब गर्दी, लोक दिसेल त्या उंच जागेवर चढलेले. आणि कार्यक्रम संपत आला असताना गर्दीत कोणाच्या तरी धक्क्यानं प्लग निघाला. सगळं गप्प! न्यूयॉर्कलासुद्धा लाइट गेली, हे वाचून वऱ्हाडी माणसाला जरा बरं वाटतं, नाही का?

त्या यंत्रांपैकी एक पुढे इंग्लंडच्या कीथ एमर्सनकडे गेलं. कपाटाएवढं ते धूड घेऊन तो रॉक कार्यक्रमांचे दौरे करू लागला. आता खरी परीक्षा सुरू झाली. प्रीसेटचा डबा होता, पण थोड्याच आवाजांचा. त्यापलीकडचं सगळं वायरी आणि नॉब यांच्या भरवशावर. वरून सूर सरकायचा. का सरकायचा, हे आपल्या ईएनटीसीच्या मंडळींना लगेच कळेल. ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरचं व्होल्टेज तापमानाच्या एका डिग्रीला साधारण दोन मिलिव्होल्टनं बदलतं. आणि व्होल्टला सप्तक हे गणित ट्रान्झिस्टरच्या बेसवर पोचेपर्यंत सप्तकाला अठरा मिलिव्होल्ट इतकं बारीक होतं, म्हणजे कीबोर्डच्या एका पट्टीला दीड. हिशोब करा! भरपाई न करता सर्किट बांधलं तर एक डिग्री वाढली की वाद्य एका पट्टीहून जास्त बेसूर. म्हणून जोडीचे ट्रान्झिस्टर, तापमानानुसार बदलणारे रेझिस्टर आणि वाजवण्याआधी यंत्र तापू देणं. एमर्सनच्या यंत्राला तर सूर डोळ्यांनी बघता यावा म्हणून फ्रिक्वेन्सी काउंटर बसवला होता. स्टेजच्या आवाजात कानाला काय कळणार? मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीच्या वर जाणाऱ्या अकोल्यात, पत्र्याच्या मंडपाखाली, हॅलोजनच्या समोर ते यंत्र ठेवलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

१९७० मध्ये आला मिनीमोग. वायरी आत बंद, बाहेर फक्त नॉब, चव्वेचाळीस पट्ट्या आणि डाव्या हाताला दोन चाकं. एक स्वर ओढायला, एक कंप द्यायला. ही दोन चाकं आज दहा हजारांच्या कीबोर्डवरही दिसतात. गंमत म्हणजे हे वाद्य बॉबच्या हुकमावरून झालं नाही. त्याच्या कंपनीतला इंजिनिअर बिल हेम्सॅथ यानं जेवणाच्या सुटीत टाकाऊ भागांमधून पहिला नमुना जोडला. पुढे बाकीच्या सहकाऱ्यांनी आणि बॉबनं मिळून ते पक्कं केलं. १९८१ पर्यंत बारा हजारांच्या वर मिनीमोग विकले गेले. आवाज काखेत मारून गावोगाव नेता येऊ लागला.

पण मेमरी? शून्य. एक आवाज जमला, पुढच्या गाण्यासाठी पाच नॉब हलवले, की आधीचा गेला. मग वादकांनी काय करावं? कागदावर पॅनेलचं चित्र छापलेलं असायचं, त्यावर पेन्सिलीनं प्रत्येक नॉबचा काटा कुठे आहे ते काढून ठेवायचं. आपण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रीडिंग लिहितो तसंच. पण नॉबचा एक केसभर फरक कागदावर दिसत नाही, कानाला मात्र कळतो. ज्यांना परवडायचं ते स्टेजवर दोन दोन मिनीमोग ठेवत, एकेका आवाजासाठी एकेक. म्हणजे बॅकअप म्हणून अख्खं वाद्यच!

भारतात मोगचं मोठं यंत्र १९६९ मध्येच आलं होतं, अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं तिथे स्टुडिओ लावून दिला. तिथल्या संगीतकारांनी १९७२ पर्यंत केलेलं काम टेपवर होतं आणि ते जगासमोर यायला पन्नास वर्षं गेली. मुंबईच्या सिनेसंगीतात मिनीमोग आणला तो केरसी लॉर्ड यांनी, १९७० च्या दशकात. पुढे मुंबईच्याच चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांवर जो सिंथेसायझरचा रेकॉर्ड काढला, त्यात रोलँडचं ज्युपिटर-८ होतं. त्या वाद्यात चौसष्ट आवाजांची मेमरी होती. मधल्या दहा-बारा वर्षांत केवढा पल्ला गाठला गेला होता!

तो पल्ला गाठला दुसऱ्यांनी. बॉबची कंपनी चांगल्या मालासाठी प्रसिद्ध आणि हिशोबासाठी कुप्रसिद्ध होती. १९७१ मध्ये कर्जापायी ती विकावी लागली, १९७३ मध्ये ती नॉर्लिन या मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेली. बॉब तिथे नोकर झाला आणि १९७७ मध्ये बाहेर पडला. नाव मात्र मागेच राहिलं! ‘मोग’ हा शब्द आता कंपनीचा होता. ज्याचं आडनाव मोग, त्यालाच मोग नावानं वाद्य विकायची सोय उरली नाही. मूग गिळून गप्प बसणं म्हणतात ते हेच. तो नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात गेला, ‘बिग ब्रायर’ नावाची छोटी कंपनी काढली आणि पुन्हा थेरेमिन आणि नवनव्या कीबोर्डांच्या मागे लागला.

इकडे १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेव्ह स्मिथनं प्रॉफेट-५ आणला. आत झेड-८० मायक्रोप्रोसेसर, तोच जो आपल्या जुन्या सिलॅबसमध्ये होता. प्रत्येक नॉबचं व्होल्टेज आकड्यात बदलून रॅममध्ये ठेवायचं आणि बटण दाबलं की पुन्हा व्होल्टेज करून द्यायचं. चाळीस आवाज! पाच स्वर एकदम! वीज गेली तरी आतली बॅटरी रॅमला जागं ठेवायची. बॅटरी संपली तर? म्हणून पुढच्या आवृत्तीत कॅसेट जोडायची सोय आली, आवाजांचे आकडे चिरक्या सुरांत टेपवर उतरवून ठेवायचे. मोग नावाच्या कंपनीनंही १९८२ मध्ये शंभर आवाजांचा मेमरीमोग काढला, पण त्यात मोगचा हात नव्हता, आणि ते वाद्य बेसूर होण्यासाठीच जास्त आठवलं जातं. नाव आहे, माणूस नाही, असं झालं की काय होतं त्याचा हा नमुना, असं माझं तरी मत आहे.

मग एक प्रश्न उरला. वाद्यं चार कंपन्यांची, एकमेकांशी बोलणार कशी? डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या खटपटीतून मिडी ठरलं. १९८३ च्या जानेवारीत दोन कंपन्यांची वाद्यं एका पाच पिनांच्या वायरीनं जोडून एकावर वाजवलं की दुसरं वाजतं, हे दाखवण्यात आलं. त्याआधी, ऑक्टोबर १९८२ मध्ये, कीबोर्ड मासिकातल्या आपल्या सदरात ही बातमी वाचकांना देणारा होता बॉब मोग. जे आपल्या हातून झालं नाही त्याची बातमी आनंदानं द्यायला मन मोठं लागतं.

मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. ८०५१ ला बारा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावा, टीएच१ मध्ये एफएफ टाका, बरोब्बर ३१,२५० मिळतात, एका बिटाचीही चूक नाही. मायनर प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनी नोंद घ्यावी. या वायरीतून आवाज जात नाही, फक्त सूचना जातात. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कोणत्या नंबरचा पॅच घे (प्रोग्राम चेंज), व्हॉल्यूम किती (कंट्रोलर ७), पायातला पेडल दाबला की सोडला (कंट्रोलर ६४). सोळा चॅनेल असल्यामुळे खालच्या कीबोर्डवरून वरच्याचे आवाज बदलता येतात. आणि सिस्टिम एक्सक्लुझिव्ह नावाच्या संदेशातून वाद्यातली सगळीच्या सगळी मेमरी बाहेर काढून कॉम्प्युटरवर ठेवता येते. आपल्याकडे अंबादेवीच्या नवरात्रात किंवा गणपतीत वाजवणाऱ्या चांगल्या कीबोर्डवाल्याला विचारा. तो गाण्यांच्या क्रमानंच पॅच लावून ठेवतो. पहिलं गाणं पहिला नंबर, दुसरं दुसरा. म्हणजे अंधारात शोधायला नको, पायानं एक ढकललं की पुढचा. सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर (आधी फ्लॉपीवर असायची आणि फ्लॉपीला धूळ चालायची नाही), दुसरी घरी. आणि कीबोर्डपुरता एक छोटा यूपीएस. मायनस ट्रॅक आणि डीजेच्या जमान्यात असे वादक कमी झालेत, पण आहेत.

बॉबचं पुढचं आयुष्य तसं शांत गेलं. १९८० च्या दशकात काही वर्षं कर्झवाइल कंपनीत संशोधन, मग ॲशव्हिलच्या विद्यापीठात शिकवणं. त्याचं नाव घेऊन बसलेली कंपनी दरम्यान बंद पडली. २००१ मध्ये त्याला स्वीडनचा पोलार पुरस्कार मिळाला, २००२ मध्ये टेक्निकल ग्रॅमी, आणि त्याच वर्षी त्याहून मोठी गोष्ट घडली. कायद्याची लढाई संपून ‘मोग’ हे नाव त्याला परत मिळालं. पंचवीस वर्षांनी! अडुसष्टाव्या वर्षी त्यानं मिनीमोग व्हॉयेजर बाजारात आणला. आतला आवाज जुन्या पद्धतीचाच, ट्रान्झिस्टरची तीच शिडी. पण यात १२८ आवाज ठेवायची जागा होती, मिडी होतं, आणि आवाजांची बँक कॉम्प्युटरवर काढून ठेवायची सोयही. १९७० मध्ये ज्यांनी पेन्सिलीनं काटे काढले होते, त्यांच्यातल्या काहींनी म्हातारपणी हे वाद्य विकत घेतलं असणार.

२००५ च्या एप्रिलमध्ये त्याला मेंदूची गाठ असल्याचं निदान झालं आणि २१ ऑगस्टला ॲशव्हिलच्या घरी तो गेला. वय ७१.

मागे राहिलं ते वर्कशॉपमधलं सामान. पन्नास वर्षांचे सर्किट डायग्राम, संगीतकारांची पत्रं, नमुना वाद्यं, शेकडो टेप. वर्षानुवर्षं ओल आणि धूळ खात पडलेलं. त्याच्या मुलीनं पुढाकार घेऊन एक फाउंडेशन उभं केलं, लोकांनी टेप साफ केल्या, कागद सुकवले, जे वाचलं ते डिजिटल केलं. आज त्याची कागदपत्रं कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, जिथे त्यानं रखडत रखडत पीएच. डी. केली होती. डॉइचसोबत १९६४ च्या उन्हाळ्यात काढलेले ते पहिले आवाजही टेपवर टिकून आहेत. ऐकायला मिळाले तर जरूर ऐका. खरं सांगायचं तर, थोडे बेसूरच आहेत.